माझ्या जाळीतली एक तार

मित्रांनो, मी मैदा चाळायची एक जुनी चाळणी आहे. आयुष्यभर मी तुमच्या खाण्यातली घाण बाजूला काढली. एका दिवशी मात्र ती माझ्यातूनच पडली, आणि मला कुणाला सांगता येईना.

माझा जन्म अमरावतीचा. बुधाजी नावाच्या कारागिरानं लाकडाची पातळ पट्टी वाकवून कडं केलं, त्यावर पितळी तारेची जाळी ताणून बसवली आणि बोटानं टिचकी मारून पाहिली. जाळी ताठ होती. एकोणीसशे पंचावन्न साली मी अकोल्याला वामनरावांच्या बेकरीत आले.

तिथे कामाला असलेल्या केशरबाईंच्या हाती मी पडले. नानकटाईचा मैदा त्या दोनदा चाळायच्या. त्यांच्या तळव्याची थाप कड्यावर पडली की परातीत मैदा भुरभुरायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "वामनरावची नानकटाई तोंडात टाकली का इरघयते." ही स्तुती माझीच आहे, असं मला वाटायचं.

अकरा वर्षांत जाळी झिजली. सहासष्टच्या टंचाईत मिळेल तो मैदा घ्यावा लागे. त्यात पोत्याचे दोरे असत, गाठी असत, अळ्याही असत.

"मालक, जाळी पतली झाली. नवी पायजे," केशरबाई एकदा म्हणाल्या.

वामनराव भट्टीत लाकूड सारत होते. "नानकटाईचा मैदा चाळाच काहून लागते? तूप-साखर चांगली घोटली का झालं."

"अळ्या हायेत त्यात. न चाळता कशी करू?"

"मंग हेच चालवा अजून काही दिवस."

केशरबाईंपुढे दुसरा मार्ग नव्हता. न चाळावं तर अळ्या जाणार, चाळावं तर माझा भरवसा नाही.

मग बालवाडीची मागणी आली. चाळीस लेकरांना नानकटाई हवी होती. त्या सकाळी, मैदा दुसऱ्यांदा चाळताना, माझी एक तार तुटली. नखाएवढा तुकडा मैद्यात पडला. केशरबाईंना तो दिसला नाही. त्यांनी मला खिळ्याला अडकवलं आणि मैदा तूप-साखरेत मिसळला. मी वरून बघत होते. त्यांनी गोळे वळले, पत्र्यांवर मांडले, पत्रे भट्टीत गेले. मी मनातल्या मनात किती ओरडले! चाळणीला आवाज तो कुठला? ज्या लेकरांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांचे गळे माझ्या डोळ्यांपुढे येत होते.

काम आटोपल्यावर केशरबाई मला झटकायला दारात गेल्या. उन्हात त्यांना भोक दिसलं. त्या धावत आत आल्या.

"मालक, पत्रे बाहेर काढा. जाळीची तार पडली."

"कोण्या नानकटाईत?"

"ठाव नाही."

"बालवाडीच्या बाई आता घ्याले येतीन. काय देऊ त्यायले?"

"अन् लेकराच्या गयात तार अडकली तं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पत्रे बाहेर ओढले आणि एकेक गरम नानकटाई हातानं कुस्करू लागल्या. बोटं भाजली तरी त्या थांबल्या नाहीत. पहिल्या पत्र्यात तार नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. मग वामनरावही खाली बसून कुस्करू लागले. बालवाडीच्या सत्यवतीबाई आल्या, तेव्हा केशरबाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि त्याही बसल्या.

तिसऱ्या पत्र्याच्या शेवटाशी वामनरावांच्या बोटाला काहीतरी टोचलं. केशरबाईंनी तो तुकडा माझ्या भोकावर धरून पाहिला. बरोबर तेवढाच होता. मग त्या पदरात तोंड लपवून रडल्या.

वामनराव हळूच म्हणाले, "तुमी सांगतलं होतं. माहीच चूक हाय."

सत्यवतीबाईंनी सगळा चुरा डब्यात भरून नेला. लेकरांनी तो मुठीमुठीनं खाल्ला म्हणे.

दुसऱ्याच दिवशी नवी चाळणी आली. केशरबाईंनी मला घरी नेलं. आता माझ्यावर मिरच्या वाळतात. पण ती सकाळ आठवली की अजून माझा जीव घाबरा होतो.

मित्रांनो, वस्तू थकली की तिला कामातून मोकळं करा. आणि जो माणूस तिच्यावर रोज काम करतो, तो "आता नवी आणा" म्हणाला, तर त्याचं ऐका. आम्हांला बोलता येत नाही. त्याला येतं.