खालची पट्टी

...बांगडीच होती ती. पडद्याच्या अगदी तळाशी, वाकड्यातिकड्या थरथरणाऱ्या ओळींची जी बोटभर पट्टी येत होती, तिच्यात हिरवं काहीतरी हललं आणि पुनमने चित्र तिथेच थांबवलं. घरची जुनी कॅसेट डिस्कवर उतरवताना सकाळपासून ती या पट्टीच्या हात धुऊन मागे लागली होती. वायर बदलून झाली, व्हीसीआरचं हेड पुसून झालं, तीन डिस्क वाया गेल्या — पट्टी आपली जिथल्या तिथे. शेवटी मेहरूण भागातल्या दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, ताई, हा बिघाड नाहीच, कॅसेटवर ती असतेच. जुन्या डबा टीव्हीच्या कडेखाली झाकली जायची, नव्यावर उघडी पडते. खालून कापून टाका, कुणाला कळणारही नाही.

कापायलाच तर बसली होती ती. परवा शिरपूरला आईचं वर्षश्राद्ध. कुंदनने, तिच्या भावाने, वडिलांना, म्हणजे आबांना, नवा टीव्ही घेऊन दिलेला, आणि पाहुण्यांना शेतातली जुनी भरीत पार्टी दाखवायची आबांना कोण हौस. गेल्या आठवड्यात पाठवलेली पहिली डिस्क बघून त्यांनी फोनवर हुकूम सोडला होता, "ती खालनी पट्टी कापी टाक. डोयाले तरास होस. तठे काहीच नही शे."

काहीच नही शे!

तिने कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. कॅमेरा आबांच्या हातात, तीस वर्षांपूर्वी मोठ्या मिजाशीने घेतलेला. मधोमध खाटेवर आबांचे दोस्त, मिशांना पीळ देत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची वाट बघत... आणि त्यांच्या पुढ्यात, जमिनीवर, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी ठेचत बसलेली आई — म्हणजे तिचं मनगट, पदराचा काठ, क्वचित अर्धं कपाळ. चाळीस मिनिटांत जवळजवळ एवढंच. दोस्तांच्या टोप्या कापल्या जाऊ नयेत म्हणून आबांनी कॅमेरा तेवढा वर धरलेला. अर्धं कपाळ, आबा! माझी आई, भागाबाई नाव तिचं, मणभर वांगी सोलून बोटं भाजून घेतली तिने, आणि तुम्ही म्हणता तिथे काही नाही? दर दिवाळीला ही कॅसेट लागायची, आईही दाराला टेकून बघायची, आणि त्या डबा टीव्हीवर तिचं नखसुद्धा धड दिसत नसणार — तरी एकदाही तिने विचारलं नाही, मी कुठे आहे म्हणून. का नाही विचारलंस गं? आईचाही राग आला तिला, भयंकर आला.

आता फोन करायचा आणि आबांना चांगलं फैलावर घ्यायचं. श्राद्धाचे पाहुणे गेले खड्ड्यात.

तेवढ्यात चित्रात एक पोरगी धावत आली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. दहा वर्षांची पुनम. बरोबर मधोमध उभी राहिली, कॅमेऱ्याकडे बघून वेडावून दाखवलं, आणि मान न वळवता ओरडली, "आई, पाणी!" ठेचणं थांबलं. त्या थरथरत्या पट्टीतून एक हात वर आला, स्वच्छ चित्रात आला, पाण्याचा तांब्या धरून. चाळीस मिनिटांत तेवढाच एकदा. पोरीने तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायली, रिकामा तांब्या न बघताच खाली सोडून दिला आणि हसत पळाली.

पुनमने ते मागे नेलं. पुन्हा लावलं. पुन्हा. त्या कार्टीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला.

"एकदा तरी खाली बघ ना गं," ती मोठ्याने म्हणाली.

पोरगी कॅमेऱ्याकडेच बघत राहिली.

तिने संगणकावर, खालून किती कापायचं त्या चौकटीतला आकडा शून्य केला आणि डिस्क लिहायला लावली. मग फोन वाजला. आबाच. आज त्यांना सोडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. राग अजून तसाच होता, धगधगत, फक्त तो एकट्या आबांवर काढायची सोय उरली नव्हती. तिने फोन उचलला आणि पलीकडून आबा "हालो, हालो" करत होते. "पट्टी कापली नाही, आबा," ती म्हणाली. "परवा आपण दोघं खाली बघू."