घोड्यापासूनचं अंतर

इरावतीने पिशवी चौथऱ्याला टेकवून ठेवली आणि वर ब्राँझच्या सिंहाच्या पंजाकडे हात केला.

"हे पंजे नीट बघ, तनू. सिंहाचे नाहीत, कुत्र्याचे आहेत. हे सिंह घडवणाऱ्या चित्रकाराला समोर ठेवायला मेलेला सिंह आणून दिला होता. काम होईतो तो कुजला. मग पंजे त्याने घरच्या कुत्र्याचे बघून केले."

तनूने "अय्या, खरंच?" म्हणत फोटो काढला. तिचा नवरा अनिश मोबाइलमध्ये शोधत होता.

"कुत्र्याचे असं म्हणतात, एवढंच लिहिलंय, काकू. घरच्या नाही."

"तुझे काका घरच्या म्हणायचे."

एवढं बोलून ती थांबली. पुढे काय येतं ते आठवेना. तीस वर्षं तिच्या नवऱ्याने, शशिकांतने, पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ट्रफाल्गर चौक दाखवला होता, आणि तीस वर्षं ती पश्चिमेकडच्या कारंज्याच्या कठड्यावर डबे राखत बसली होती. त्याच त्या गोष्टी ऐकायला दर वेळी कोण उठून जाणार? दुरून त्याचे हातवारे दिसत, तेवढे पुरत.

शशिकांत गेल्यावर पाहुणे लंडनला यायचे थांबले नव्हते. ते हॉटेलात उतरत आणि परत जाताना विमानतळावरून फोन करत. मग त्यांचं विमान तिच्या हाउन्सलोच्या घरावरून जाई. अनिश, शशिकांतच्या चुलतभावाचा मुलगा, बेसिंगस्टोकला नोकरीसाठी आला तेव्हा तिनेच फोन केला होता. चौक दाखवते, मग घरी जेवायला या, राहा. "चौक नक्की, काकू," तो म्हणाला होता, "जेवायचं बघू." तिने मसालेभात करून ठेवला होता. वरच्या खोलीतली चादर बदलली होती.

"तिथे नको उभी राहूस," ती तनूला म्हणाली. "मागे हॅवलॉक येतोय."

"कोण?"

"सत्तावन साली कानपूरला नानासाहेबांवर चालून गेलेला. त्याचा पुतळा. आपल्या फोटोत तो येता कामा नये, असा आमच्याकडे नियम आहे."

तनू निमूट बाजूला झाली. हे मात्र बरोबर जमलं, असं वाटून इरावतीने शालीचं टोक खांद्यावर सारखं केलं आणि दोघांना कोपऱ्यातल्या चौथऱ्याकडे नेलं.

"यावर एका राजाचा घोड्यावरचा पुतळा बसायचा होता. पैसे संपले. दीडशे वर्षं रिकामाच होता. आता आलटूनपालटून काहीबाही ठेवतात."

"दीडशे वर्षं कुणीच नाही?"

"जागा तयार होती," इरावती म्हणाली. "कुणी आलं नाही."

मग तिने पिशवी उचलली. "झालं. आता घरी."

अनिशने मोबाइल खिशात टाकला. "घोडा राहिला की, काकू."

"कुठला घोडा?"

"तो, त्या उंच खांबापलीकडे, रस्त्याच्या मधोमध. मी सहावीत असताना आई-बाबांबरोबर आलो होतो ना. आलेले सगळेच सांगतात, काका शेवटी तिथे न्यायचे. तुम्ही कुठे यायचात, तुम्ही बसून असायचात." तो तनूकडे वळला. "पहिल्या चार्ल्स राजाचा पुतळा आहे. राजाचं डोकं उडवल्यावर तो मोडीत काढला. घेणाऱ्याने काय केलं, पुतळा जमिनीत पुरून ठेवला आणि त्याच्याच धातूच्या म्हणून सुऱ्यांच्या मुठी विकल्या. पुढे राजाचा मुलगा गादीवर आला, पुतळा अख्खाच्या अख्खा बाहेर. काका म्हणायचे, हा माणूस तुळशीबागेतला असणार."

तनू खळखळून हसली.

"त्यालाच का सगळे हसायचे?" इरावतीने विचारलं.

ते हसणं कारंज्यापर्यंत ऐकू यायचं. पाठोपाठ सगळे वळून तिच्याकडे बघायचे. आपल्या जाडजूड पिशवीला हसतात, असं धरून ती पिशवी पायामागे सरकवायची.

"नाही, ते नंतर. लंडनपासूनची सगळी अंतरं त्या घोड्यापासून मोजतात म्हणे. ते सांगून झालं की काका म्हणायचे, हे झालं सरकारचं. आपलं मोजायचं, ती पिशवीवाली बसलीय ना, तिथून." अनिशने घड्याळ पाहिलं. "मग म्हणायचे, चला घरी."

बसचा आवाज आला आणि गेला. तनूने अनिशकडे पाहिलं.

"काकू," अनिश म्हणाला, "आज रविवार, गाड्यांचा घोळ असतो. उद्या दोघांनाही ऑफिस आहे. नेक्स्ट टाइम नक्की, हं? राहायलाच येतो."

"या की. फोन करून या," इरावती म्हणाली आणि पिशवीतला वड्यांचा डबा तनूच्या हातात दिला. "डबा परत द्यायची घाई नाही."

दोघं वॉटरलू स्टेशनच्या दिशेने दिसेनाशी झाली. तिला घरी जायला भुयारी ट्यूबचं स्टेशन पाच पावलांवर होतं. इरावतीने सिग्नलचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घोड्यापाशी गेली.

घोडा मानाने लहानच होता. ती त्याला पाठ देऊन उभी राहिली आणि कारंजं शोधू लागली. मध्ये सिंह येत होता. ती जरा डावीकडे सरकली, तर दिव्याचा खांब आला. आणखी थोडी सरकली. पुन्हा थोडी. तेव्हा सिंहाच्या पाठीपलीकडे कठड्याचा तेवढाच तुकडा दिसला, एका माणसाला डबे घेऊन बसता येईल एवढा.

तिथे कुणी नव्हतं.

"एक्सक्यूज मी," मागून आवाज आला. एका बाईला घोड्याचा फोटो काढायचा होता. ती हाताने, जरा बाजूला व्हाल का, अशी खूण करत होती.

"वन मिनिट," इरावती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.