डबाभर ऑइल

माझी पोरगी नाहिद बंदरावर तेलाच्या जहाजांची ये-जा सांभाळते. कळंबात माझ्या गॅरेजात जो येईल त्याले मी हे सांगतोच. तिनं वायरलेसवर "थांबा" म्हटलं का आपल्या बस स्टँडापेक्षा मोठं जहाज जागीच थांबते.

काल दुपारी व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड उतरलेलं दिसलं. एका टँकरमागं पाण्यावर तेलाचा पट्टा पसरला होता, म्हणून तिनं त्याले बंदराबाहेरच नांगर टाकायले लावलं. कप्तान तिच्यावरच भडकला. बादलीभर तेलानं एवढ्या मोठ्या समुद्राचं काय बिघडते म्हणे!

माझं डोस्कं सणकलं. "असल्याचं लायसनच जप्त केलं पाहिजे!" मी ओरडलो.

बोलता बोलता किसनसिंगच्या मोटरसायकलचं काळं ऑइल काढून झालतं. तीस वर्षांच्या सवयीनं मी डबा उचलला अन् गॅरेजामागच्या नाल्यात रिकामा केला. फोन समोरच टायरले टेकवून ठेवला होता.

नाहिदनं ते पाहिलं. मंग म्हणाली, "अब्बा, तो नाला कुठं जाते?"

"नदीले."

"अन् नदी?"

"पुढं जाऊन गोदावरीले." तिचं बंदर गोदावरीच्याच मुखापाशी आहे, हे मीच साऱ्या गावाले सांगत फिरतो.

"पन बेटा, डबाभर तं होतं," मी म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली. तिचा वायरलेसवरचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मी जागीच थांबलो. हातातला डबा अजून टपकत होता.