चौकटीतलं नाव

इंदापूरच्या दूध संघाच्या ऑफिसात सकाळी सगळ्यांच्या आधी विजयमाला यायची. निरवांगीहून पहिली एसटी धरायची, दाराशी चपला काढायची आणि खिडकीजवळचा कॉम्प्युटर चालू करायची. पडद्यावर चौकट यायची: नाव टाका, पासवर्ड टाका. नावाच्या जागी आधीचं एक नाव इंग्रजी अक्षरांत हजरच असायचं. ज्ञानदेव. तिचा नवरा. दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि बसल्या जागी माणूस गेला. त्याच्या जागेवर संघानं तिला घेतलं. खुर्ची तीच, मशीन तेच.

ते नाव ती मनातल्या मनात वाचायची. तोंडानं कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबायची. चौकट निघून जायची, मशीन उघडायचं, आणि ती दिवसभर पत्रं टाइप करून शेजारच्या प्रिंटरवर काढायची. स्वतःचं नाव टाकलं, की उद्यापासून चौकटीत तेच दिसणार, हे तिनं दुसऱ्यांच्या मशीनवर बघितलं होतं. जो शेवटी नाव टाकील त्याचंच नाव ते यंत्र धरून ठेवायचं.

आता म्हणाल, ऑफिसच्या मशीनवर हे असले लाड कशाला? अहो, पण तिच्यापाशी दुसरं होतं काय? फोटो होता, तोही लग्नातला, फेटा बांधून अवघडून बसलेला. हे नाव मात्र त्यानं स्वतःच्या बोटांनी टाकलेलं होतं.

घोळ झाला तो अठ्ठ्याण्णव साली. संघानं सगळी मशीनं एका मोठ्या सर्व्हरला जोडली आणि त्यासाठी बारामतीहून सुयश नावाचा तरणा इंजिनिअर आला. मॅनेजर दिग्विजयराव, ऑफिस त्यांना आबा म्हणायचं, त्यांनी हुकूम सोडला: सगळ्या मशीनांवर संघाचंच चित्र पाहिजे, पत्त्यांचा खेळ बंद, सेटिंगला कुणी हात लावायचा नाही. सुयशनं ते नियम सर्व्हरवर बसवले. माणूस नाव टाकून आत शिरला, की नियम आपोआप त्या मशीनला लागायचे. झाडून सगळ्यांना लागले. खिडकीजवळच्या मशीनला काही केल्या लागेनात.

सुयश हैराण. केबल बदलली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. आतल्या खोलीतून हाक मारायचा, "ताई, मशीन परत चालू करा! नाव टाकलंत ना?"

"व्हय, टाकलं की," ती म्हणायची, आणि बोट एस्केपवर.

खोटं बोलायची सवय नव्हती बाईला. जेवणाचा डबा नुसता उघडून झाकायची.

शेवटी आबा भडकले. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलले, "एक मशीन ऐकंना तुझं? उद्याच्याला ते पुसून कोरं कर. न्हाय जमलं तर तुझ्या शेटला फोन लावतो, दुसरा माणूस धाडा म्हणून!"

सुयश बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तरी तिच्याशी बोलला ते हळूच. "ताई, तुमची पत्रं फ्लॉपीवर घेऊन ठेवा. मशीन पुसायला लागणार. चूक माझीच असणार कुठंतरी, सापडत नाही बघा."

विजयमालाच्या मनात आलं, कुणाचं लेकरू, आणि आपल्यापायी बोलणी खातंय!

"तुमची न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "माझी हाय. मी नावच टाकत न्हाय."

"मग इतके दिवस..."

तिनं मशीन बंद करून चालू केलं. चौकट आली. ती म्हणाली, "ह्ये आमच्या मालकांचं. मी टाकलं की ह्ये जाणार. म्हणून."

सुयशनं किबोर्डवरचा हात काढून घेतला. चौकटीतलं नाव वाचलं. मग कपाळावर हात मारून हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. "सगळ्या केबली सोलल्या मी, ताई! एस्केप काय ध्यानात आली नाही."

तीही हसली, रडत रडतच.

"नाव तर तुम्हाला टाकावंच लागंल," तो म्हणाला. "पण मशीनला स्वतःचंही एक नाव असतंय. ते सगळ्या ऑफिसला दिसतं आणि कुणी पुसत नाही. सध्या नुसता नंबर आहे. बदलायचा का?"

त्यानं जागा उघडून दिली. रोज ढीगभर पत्रं टाइप करणारी बाई, पण ते नाव तिनं एका बोटानं, एकेक अक्षर बघत टाकलं. मशीन पुन्हा चालू झालं. चौकटीतलं नाव तिनं शेवटचं डोळे भरून बघितलं, ते खोडलं आणि तिथं स्वतःचं टाकलं. पडद्यावर संघाचं चित्र आलं. नियम लागले.

तेवढ्यात आबांची हाक आली. "विजयमाला, ते कलेक्टर ऑफिसचं पत्र कुठल्या मशीनवर हाय गं?"

ऑफिस आपापल्या कामात होतं. तिनं पदर सारखा केला, उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ज्ञानदेववर हाय, आबा."

टाइप करणारी बोटं थांबली. कुणी वर बघितलं नाही.  आतून घसा खाकरून आबा म्हणाले, "बरं. ज्ञानदेवला म्हणावं, दोन प्रती काढ."