पाहण्यासारखं ठिकाण क्रमांक सहा

माहितीपत्रक हाँगकाँगहून येणाऱ्या सकाळच्या बोटीतून आलं आणि दुपारपर्यंत सा-चुंगभर झालं. चहाच्या टपरीवर तेच, देवळाच्या पायरीवर तेच, खारवलेल्या माशांच्या टोपल्यांवरही तेच पसरलेलं. गुळगुळीत कागद, भडक रंग, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'सा-चुंगमध्ये काय पाहाल, काय कराल.' स्यूत-मुईच्या हातात ते शेजारणीने दिलं आणि ती एक शब्द न बोलता सटकली. अठरा वर्षांच्या शेजाराने तिला एवढं शहाणपण आलं होतं.

स्यूत-मुई जवळा वाटत बसली होती. अडुसष्टाव्या वर्षीही तिचे दंड पुरुषाला लाजवतील असे होते. गावात पूल नव्हता तेव्हा खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी सपाट होडी, म्हणजे गावाची तर, ती ओढायची, दोन्ही काठांना बांधलेला दोर हातांनी खेचत. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

पहिल्या क्रमांकावर पूल. दुसऱ्यावर डॉल्फिन, जे गावातल्या कोणी गेल्या दोन वर्षांत पाहिले नव्हते. तिसऱ्यावर संग्रहालय, चौथ्यावर तळलेले माशाचे गोळे, पाचव्यावर खांबांवरची घरं. सहावा क्रमांक वाचून ती जागची उठली.

'वाट पाहणारीचा ओटा. अठरा वर्षांपूर्वी वादळात गेलेल्या पतीची वाट पाहत एक कोळीण रोज संध्याकाळी इथे बसते. इथे उभं राहून आपल्या प्रेमासाठी नवस बोला. फोटोसाठी उत्तम वेळ: सूर्यास्त.'

"वाट पाहणारी?" ती मोकळ्या खाडीवर ओरडली. "मी वाट बघते? अरे, मी संध्याकाळी इथे पाय धुते!"

शुई-फात, तिचा नवरा, समुद्रावर गेलाच नव्हता. तो याच ओट्यावरून, घरामागच्या या अरुंद खाडीत उतरला होता. भर दुपारी, वादळाचं पाणी चढत असताना, धाकट्या भावाची सुटलेली होडी पकडायला. आणि ती या ओट्यावर उभी राहून त्याला शिव्या घालत होती. परत ये मेल्या, लाकडासाठी मरतोस का, असं घसा फाटेस्तोवर. होडी चिखलात सापडली. शुई-फात सापडला नाही.

हे सगळं तिने गिळलं असतं. चार पोरी ओट्यावर येऊन नवस बोलल्या असत्या, तर तिने जवळ्याचं पाणी त्यांच्यावर ओतलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण मग तिने सातवा क्रमांक वाचला.

'देवांची मिरवणूक. सकाळी अकरा वाजता खाडीच्या तोंडातून आत येईल, पुलापाशी तीन फेऱ्या मारून आल्या वाटेने परत जाईल. पाहण्यासाठी उत्तम जागा: पूल.'

तिने ते दोनदा वाचलं. पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी गावातल्या चार देवळांतले देव होडीत बसतात आणि ड्रॅगनच्या तोंडाच्या होड्या त्यांना ओढत खाडीभर फिरवतात. खाडीच्या तोंडातून आत, पुलाखालून वरच्या अंगाला, तिच्या घरामागून वळसा घालून मिठागराशी बाहेर. ज्यांची प्रेतं मिळाली नाहीत त्यांना त्या एकाच दिवशी काही पोचतं. देवांची होडी समोर असताना कागदी कपडे जाळायचे, बांबूच्या पानात बांधलेला भात पाण्यात सोडायचा. एरवी जाळलं तर वाटेवरची भुकेली भुतं ते हिसकावून घेतात. अठरा वर्षं ती हे न चुकता करत आली होती. आणि आता देव पुलापासूनच परत फिरणार होते.

ती तशीच, जवळ्याच्या वासाच्या हातांनी, कोळ्यांच्या मंडळात गेली.

मंडळाचा प्रमुख शुई-क्वाई, म्हणजे तिचा धाकटा दीर. होडी सुटली होती ती त्याचीच. तो ढोलाला नवं कातडं चढवत बसला होता, आणि शेजारी उत्सव समितीचे याउ साहेब पिवळं जाकीट घालून लिंबाचा चहा पीत होते.

"हे कोणी ठरवलं?" तिने पत्रक ढोलावर आपटलं.

"वहिनी, बस तरी," क्वाई म्हणाला.

"बसायला आले नाही. वरच्या खाडीत अकरा घरं आहेत. त्यातल्या एकेका घराने माणूस दिलाय पाण्याला. त्यांच्यासमोरून देव जाणार नाहीत, हे कोणी ठरवलं?"

याउ साहेबांनी घसा साफ केला. "मावशी, अडचण पुलाची आहे. देव पुलाखालून जाताना वर माणूस उभा चालत नाही, हा तुमचाच नियम. म्हणजे पूल रिकामा करावा लागतो. आणि पूल तर सगळ्यात चांगली जागा! पाचशे पाहुणे येणार. त्यांना कुठे उभं करू?"

"माझ्या ओट्यावर करा. तिथे नवस पण बोलता येतो."

"ते छान झालंय ना?" साहेब खुशीत म्हणाले. त्यांना टोमणा कळलाच नव्हता. "लोकांना गोष्ट लागते, मावशी."

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने दिराकडे पाहिलं. "क्वाई, तू सही केलीस?"

क्वाई ढोलाची दोरी आवळत राहिला. "नव्या होड्या त्यांच्याच मदतीने आल्या. एका वर्षाचा प्रश्न आहे, वहिनी. पुढच्या वर्षी बघू."

"तुझ्या दादाला एक वर्ष उघडा ठेवू? उपाशी ठेवू? कोणाची होडी आणायला गेला होता रे तो?"

अठरा वर्षांत हे वाक्य तिने मनात हजारदा म्हटलं होतं, चारचौघांत आज पहिल्यांदा. क्वाईचे कान लाल झाले. त्या दिवसाबद्दल तो कधीच बोलायचा नाही. वादळाच्या दिवशी त्याने होडीच्या दोराचा खुंटीला एकच वेढा घातला होता आणि म्हणूनच ती सुटली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याच्या तोंडून कोणीही ऐकलं नव्हतं.

तिथून ती निघाली ती थेट संग्रहालयात. काचेच्या कपाटात तिचा दोर होता, नीट गुंडाळलेला, त्याला बांधलेली पाटी: 'जुन्या तरीचा दोर. कृपया हात लावू नये.' पूल झाला तेव्हा तिनेच तो दिला होता. तिने कपाट उघडलं आणि दोर खांद्यावर टाकला.

"अहो आजी, ते प्रदर्शनातलं आहे!" दारावरची मुलगी धावत आली.

"प्रदर्शनातलं तर प्रदर्शनातलं. तीस वर्षं माझ्या हाताची सालं काढलीत याने. धुऊन आणते."

पाटी दोराला लोंबकळतच राहिली.

उत्सवाच्या दिवशी पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. अकराला ढोल ऐकू आला. लाल, हिरव्या, काळ्या होड्या एका सुरात वल्ही मारत आत आल्या आणि त्यांच्यामागे, पिवळ्या छताखाली, चार देव डुलत आले. क्वाई पुढच्या होडीच्या टोकाला, नाळेवर उभा होता. पुलापाशी मिरवणूक वळली, तीन फेऱ्या झाल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग होड्यांनी तोंडं समुद्राकडे फिरवली.

आणि थांबल्या.

पुलाच्या जरा अलीकडे, समुद्राच्या अंगाला, जिथे पूर्वी तर चालायची, तिथे खाडीवर आडवा दोर ताणलेला होता. पलीकडचं टोक स्यूत-मुईने पहाटेच जुन्या लोखंडी खुंटीला बांधून दोर पाण्यात बुडवून ठेवला होता. होड्या आत येईपर्यंत तिने वाट पाहिली, मग दोर वर खेचला आणि या काठच्या खुंटीला बांधला. दोराच्या बरोबर मधे, चिमट्यांनी पक्की केलेली, तिची फुलाफुलांची विजार वाऱ्यावर फडफडत होती.

पाहुणे खदखदून हसले. होड्यांतला एकही माणूस हसला नाही. बाईच्या विजारीखालून देव न्यायचे?

"वहिनी!" क्वाई ओरडला. "काढ ते!"

"तूच काढ. चाकू आहे ना कमरेला? काप दोर!"

क्वाईचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. देव पाण्यावर असताना सा-चुंगचे कोळी दोर कापत नाहीत. बुडालेल्यांनी त्या दिवशी कुठल्या दोराला हात घातला असेल, सांगता येत नाही. लहानपणी आईने त्याला हे सांगितलं होतं, याच दोराने तर ओढता ओढता; स्यूत-मुईच्या आधी तर तीच ओढायची.

"मावशी, हे काय चाललंय?" याउ साहेबांचा भोंगा किंचाळला. "पाहुणे बघतायत!"

"बघू दे की! काय पाहाल, काय कराल, हेच ना?" तिने खुंटीवर थाप मारली. "क्वाई, इकडे बघ. एक वेढा. दोन वेढे. तीन वेढे, आणि वर गाठ. असं बांधतात! ओहोटी लागली आहे. अर्ध्या तासात चौघाही देवांना घेऊन चिखलात बसशील. बाहेर जायला एकच वाट आहे, आणि ती तुला ठाऊक आहे."

वल्ही थांबली होती. तरुण पोरं खाली मान घालून बसली होती आणि म्हातारे वल्हेकरी क्वाईकडे पाहत होते. काठाच्या खांबांवर ओला पट्टा रुंद होत चालला होता. क्वाईने पाणी पाहिलं, विजार पाहिली, वहिनीला पाहिलं. मग तो पुलाकडे वळला आणि छातीच्या भात्यातला सगळा वारा काढून ओरडला.

"पूल रिकामा करा!"

"अहो, असं कसं—" भोंगा म्हणाला.

"साहेब, तुम्ही पण खाली उतरा! देव जातायत!"

गावातल्या बायकांनी पाचशे माणसं कोंबड्यांसारखी हुसकली. पूल मोकळा झाला, ढोल पुन्हा वाजला, आणि देवांची होडी पुलाखालून वरच्या खाडीत शिरली.

जिंकल्याच्या आनंदात स्यूत-मुईने हात पुसायचं फडकं काढायला एप्रनच्या खिशात हात घातला, आणि हाताला काडेपेटी लागली.

ओट्यावर तिने सगळं मांडून ठेवलं होतं. पत्र्याचा डबा, त्यात निळे कागदी कपडे, भाताच्या तीन पुड्या. फक्त काडेपेटी इथे होती, आणि ती स्वतःही इथे होती. वाटेत सगळ्या गल्ल्या पाहुण्यांनी कोंबलेल्या, पळून जायचं म्हटलं तरी होडी आधी पोचणार. रागाच्या भरात देवांना घरी धाडलं आणि घरात कोणीच नाही! ती स्वतःवर इतकी संतापली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

छपरांवर धूर दिसू लागला. एका घराचा, मग दुसऱ्याचा. होडी पुढे जाईल तसतसे धूर उठत गेले. ती एकेक ओळखत होती. हा लायांचा, हा विधवा फोकचा, हा शेजारणीचा. मग तिच्या घराची पाळी आली. तिच्या छपरावर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ.

ढोल थांबला.

ढोल मधेच थांबत नाही. ती तोंडावर हात धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या छपरामागून काळा, जाड धूर वर आला, आणि लगेच ढोल पुन्हा सुरू झाला.

ती घरी पोचली तेव्हा क्वाई ओट्यावर बसला होता, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. मिरवणूक त्याच्याशिवाय मिठागराकडे गेली होती. डब्यात राख होती. खाडीत बांबूची पानं तरंगत होती.

"काडेपेटी नव्हती," तो म्हणाला. "देवांपुढच्या उदबत्तीवर पेटवलं. कपड्यांना विस्तव धरेना, म्हणून आधी खिशातलं पत्रक पेटवलं."

"कुठलं पत्रक?"

"तेच. पाहाल आणि कराल."

ती खाली बसली. "म्हणजे ते त्याला पोचलं."

"पोचलं असणार. देव समोर होते."

"आता तो वाचत बसेल. बायको संध्याकाळी ओट्यावर बसून वाट बघते म्हणून." तिचा आवाज चिरकला. "मेल्या, दुसरा कागद नव्हता?"

"त्याला खरं काय ते ठाऊक आहे, वहिनी. तू काय ओरडत होतीस ते सगळ्या खाडीने ऐकलंय." क्वाई राखेकडे पाहत होता. "आणि मी पण सांगितलं त्याला. जाळताना, मोठ्याने. पोरं ऐकत होती."

"काय सांगितलंस?"

त्याने हातावरचा चिखल ओट्याच्या कडेला पुसला.

"की एकच वेढा घातला होता."

अठरा वर्षांची तिची सगळी भांडणं घशाशी आली होती आणि त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. ओहोटीने खांब उघडे पडले होते. समोरच्या काठावर दोन मुली आल्या, त्यांनी पत्रक उघडून पाहिलं, ओट्याकडे बोट केलं आणि मोबाइल वर धरले.

स्यूत-मुई उठली, जवळ्याच्या पाण्याची बादली तिने एका हाताने उचलली आणि दुसरी दिराच्या पुढ्यात सरकवली.

"ऊठ," ती म्हणाली. "तू डावीकडची पोरगी घे."