बंडीत शिरलेला

दुसिक डोळे उघडे ठेवून झोपायचा. माझा धाकटा भाऊ, वय पाच. एरवी त्याच्या तोंडाची टकळी बंद व्हायची नाही, नुसता वैताग. पण काळ्या खडकावरून घसरून समुद्रात पडला आणि लोकांनी बाहेर काढला, तो असा. भरवलं तर घास गालात तसाच. हाक मारली तर छपराकडे बघणार. आई त्या महिन्यात दुसऱ्या बेटावर कालवांसाठी बुड्या मारायला गेलेली, बाबा होडीवर. घरात मी एकटी, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

शेवटी मी हाकआजीला ओढत आणली. घाबरलेल्या पोरांचा सांडलेला जीव हाक मारून परत आणायचा, हे तिचं काम. तिनं दुसिकच्या टाळूवर पंजा ठेवला नि तोंड वाकडं केलं.

"जीव खडकापाशीच राहिलाय याचा. आज मोठी ओहोटी आहे. पाणी परत चढायच्या आत आणलास तर आणलास. नाहीतर ही भरती त्याला खोल घेऊन जाईल, मग माझ्याच्यानं काही व्हायचं नाही."

"मग चल ना आजी! बसलीस काय?"

"हात काढला तर उरलासुरलाही जाईल, अक्कल आहे का? तू जा. सख्ख्या बहिणीची हाक लागते. त्याची बंडी घे, पाण्यावर उघडी धर, तीनदा नाव घेऊन 'घरी चल' म्हण. जड झाली की छातीशी धर आणि पळ. वाटेत कुठं टेकवू नकोस."

खुंटीवरची लांब बाह्यांची तपकिरी बंडी ओढली आणि सुटले.

ओहोटीनं खडक पार उघडा पडला होता. शेवाळावरून दोनदा आपटले, गुडघा फुटला, पण बंडी सोडली नाही. टोकाशी दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, आमच्या बायका तिथूनच बुडी मारतात. शेवटच्या पायरीवर उभी राहून मी बंडीची गळपट्टी दोन्ही हातांनी ताणली.

"दुसिक! घरी चल!"

काही नाही. पाणी नुसतं डुचमळलं.

"दुसिक! घरी चल रे!"

बाह्या हलल्या. वाऱ्यानंच असतील.

"दुसिक, घरी चल ना! परत कध्धी ओरडणार नाही तुझ्यावर!"

आणि बंडी जड झाली. अशी जड, की मीच पाण्यात जाणार होते. बाह्यांतून खारं पाणी गळायला लागलं. मी तिला छातीशी कवटाळली, रडत, हसत, वर पळत सुटले. आला! आला माझा भाऊ!

"हळू पळ की गं ओक्सिल," बंडी म्हणाली. "आणि कोपराला हे ठिगळ कुणी लावलं? काय घाणेरडं दिसतंय."

मी जागच्या जागी थिजले. दुसिक मला ताई म्हणतो. नावानं हाक मारली असती तर मी त्याचा कान उपटला असता.

"कोण आहेस तू?"

"मानसू. विसरलीस होय?"

मानसू. आमच्या शेजारचा, माझ्याच वयाचा. दोन वर्षांपूर्वी याच पाण्यात गेला, सापडला नाही. आणि ही बंडी त्याचीच तर होती! त्याला अपुरी झाली तेव्हा त्याच्या आईनं धुऊन, घडी घालून दुसिकसाठी आणून दिली होती. तपकिरी बंड्या घरात दोन. दुसिकला नवी शिवली होती ती सोडून मी नेमकी हीच आणली!

"गप रे मेल्या, बाहेर नीघ!" मी ओरडले, आणि काय बोलले ते कळून जीभ चावली. "दुसिक कुठाय?"

"खाली. पायरीच्या बुडाशी शेवाळाला धरून बसलाय. रडतोय."

"मग त्याला का नाही येऊ दिलंस?"

"मला माझी बंडी दिसली," तो म्हणाला. "आणि तू घरी चल म्हणालीस."

मी बंडी झटकली. पिळली. बाह्या माझ्या मनगटांना गच्च धरून बसल्या होत्या. पाणी फिरलं होतं, खालची पायरी दिसेनाशी झाली. तेवढ्यात मागून लांब शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. बुडी मारून वर आलेली बाई असाच श्वास सोडते. मानसूची आई जाळं ओढत खडकावर चढत होती.

"ओक्सिल? भरती लागलीय आणि तू इथं काय करतेस गं?"

मी तोंड उघडायच्या आत एक बाही माझ्या हातावरून सुटली आणि तिच्याकडे वळली.

"आई."

काकूच्या हातातलं जाळं पडलं. कालवं घरंगळत पाण्यात गेली, तिचं लक्षही नव्हतं. तिनं बंडी माझ्याकडून ओढून घेतली, तोंड तिच्यात खुपसलं, आणि जो आवाज काढला तो मी सांगू शकत नाही.

मी तिच्या पदराला, म्हणजे त्या ओल्या सदऱ्याच्या टोकाला, लोंबकळले. "काकू, मी चुकीची बंडी आणली. दुसिक खाली आहे. दुसरी आणायला वेळ नाही. ती दे मला. दे ना!"

"नाही."

"काकू, तो मरेल!"

"मी रोज या पाण्यात उतरते, ते काय कालवांसाठी?" ती माझ्यावर खेकसली. "रोज शोधते याला. आज हातात आलाय, आणि देऊ म्हणतेस? चल, हो बाजूला!"

ती घराकडे वळली. मी आडवी झाले, सरळ तिच्या वाटेत. माझ्यात ताकद होती कुठे तिला अडवायची? मी नुसती भोकाड पसरून रडले. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं. काकू मला ओलांडून एक पाऊल गेली आणि थांबली.

"मानसू," तिनं विचारलं, "दुसिक खरंच खाली आहे?"

"हो. त्याला पोहता येत नाही. सारखा ताईला बोलावतोय."

काकू खाली बसली. मांडीवर बंडी घेतली, गळपट्टी सारखी केली, पोराच्या अंगावर करावी तशी.

"जा. त्याचा हात धर आणि पायऱ्यांपर्यंत आण."

"मग मी पण येऊ ना घरी?"

तिनं बंडी पुन्हा छातीशी आवळली. मला वाटलं, आता उठते आणि घेऊन जाते.

"ही बंडी त्याला दे, राजा," ती म्हणाली. "तुला लहान होते ती."

"थोडीशीच होते."

"होते रे. तू मोठा झालायस. जा बघू, माझं शहाणं बाळ."

बंडीतून पाणी ओघळलं आणि ती चिरगुटासारखी हलकी झाली. काकूनंच ती माझ्या हातात दिली. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिनं मागून माझे खांदे धरले, म्हणून मी वाहून गेले नाही. मी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला बंडी फुगली, आणि आतून कुणीतरी माझ्या बोटाला कडकडून चावलं. दुसिकच. दुसरं कोण?

मी पळाले. घरात शिरले, बंडी त्याच्या छातीवर टाकली. हाकआजीनं टाळूवरचा हात काढला. दुसिकनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "ताई, तू किती उशीर केलास. भूक लागलीय." मी त्याला इतका घट्ट धरला की तो किंचाळला.

संध्याकाळी काकू आली. केस अजून ओले, डोळे सुजलेले. कालवं घालून केलेली पेज घेऊन आली होती. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना. तिनं दुसिकला मांडीवर घेतलं आणि भरवायला लागली. निम्मी वाटी संपली.

मग तिनं हळूच विचारलं, "त्यानं तुझा हात धरला होता ना रे? कसा होता त्याचा हात?"

दुसिकनं घास गिळला, विचार केला.

"गार होता. पण सोडला नाही त्यानं."

काकूनं मान हलवली, चमच्यातल्या पेजेवर फुंकर घातली आणि त्याला पुढचा घास भरवला.