बारा खळगे आणि एक कप्तान

मित्रांनो, त्या शनिवारी गॉडफ्रेकाकांना माझ्याकडून दोन गोष्टी मिळवायच्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशनसाठी जुळणारं रक्त आणि आपलं घराणं एका पोर्तुगीज कप्तानापासून सुरू झाल्याचा पुरावा. गरज पहिल्या गोष्टीची होती, पण इस्त्रीचा शर्ट घातला होता तो दुसरीसाठी.

मी एक जुनी, पांढरी, चिनीमातीची पाटी आहे. अंगावर बारा खळगे. गुजरातेतल्या भट्टीतून भाजून निघाले आणि माणिकपूरला सँड्राबाईंच्या रक्ततपासणीच्या खोलीत आले, त्याला बावीस वर्षं झाली. खळग्यांत रक्ताचे थेंब ठेवायचे. एकावर निळं औषध, दुसऱ्यावर पिवळं. काडीनं ढवळून मला हलकेच डोलवायचं. निळ्यात रक्त नासक्या दुधासारखं फाटलं तर गट ए, पिवळ्यात फाटलं तर बी, दोन्हींत फाटलं तर एबी, कुठंच नाही तर ओ. पूर्वी लोक श्वास रोखून माझ्यावर वाकत. मग मोठ्या ठिकाणी यंत्रं आली, आणि मधली दोन वर्षं मी कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून काढली. आता पुन्हा कामात आहे.

इस्पितळानं मंगळवारच्या आत एक बाटली रक्तपेढीत जमा करायला सांगितलं होतं. काकांचा हट्ट असा, की रक्त घरचंच हवं. ते म्हणत, आमचं घाऱ्या डोळ्यांचं रक्त, ते आमच्यातच जुळणार. म्हणून मुलगा क्लेटन आणि थोरला भाऊ बॅप्टिस्ट बरोबर. गाडी मात्र समोरच्या बिल्डिंगमधल्या जयवंतची. हा देवगडचा. गेटसमोर गाडी लावण्यावरून काका वर्षभर त्याच्याशी भांडत होते, असं क्लेटननं सँड्राबाईंच्या कानात सांगितलं.

काकांचा थेंब पिवळ्यात फाटला. बी. क्लेटन आणि बॅप्टिस्ट, दोघेही ए, म्हणजे काकांना चालणार नाहीत.

पोर्तुगीजांचा गट कोणता, हे काकांनी तरीही विचारलंच. सँड्राबाईंनी सरळ सांगून टाकलं, की तिकडे ए पुष्कळ आणि बी थोडे. आपल्याकडे बी भरपूर. बॅप्टिस्ट जन्मभर त्या कप्तानाला थाप म्हणत आला होता. तो गालात हसला.

“म्हणजे गॉडफ्रे, कप्तान माझा. तू आपला इथलाच.”

“आई एक, बाप एक, आणि पूर्वज वेगळे?”

“आता बरोबर बोललात, काका,” सँड्राबाई म्हणाल्या. “एका घरात दोन गट निघतातच. हजारो माणसं तपासली की कुठल्या मुलखात कोणता गट जास्त ते कळतं, लोक कुठून कुठे गेले त्याचा थोडा अंदाज येतो. एका माणसाच्या थेंबात कप्तान सापडत नाही. आणि खोटाही ठरत नाही.”

मला बोलता आलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. वाडीवाले, कोळी, चांदीपचे शेतकरी, वालीवच्या कारखान्यांत लांबून आलेले कामगार, सगळे माझ्या खळग्यांतून गेले. त्यांतल्या प्रत्येक समूहात चारही गट. प्रमाण तेवढं कमीजास्त.

पण मंगळवार तोंडावर आला होता, आणि काकांचा चेहरा पडला. सँड्राबाईंनी बाहेर गाडीत बसलेल्या जयवंतला आत बोलावलं. पिवळ्यात फाटलं. बी. रक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते तिसऱ्या खळग्यात कळतं; काकांसारखं तेही पॉझिटिव्हच निघालं.

“याचं?” काका पुटपुटले. “हा देवगडचा.”

“देतो की, काका,” जयवंत बाही सारत म्हणाला. “पण मग ते तुमच्या अंगात जाणार. उद्या मी गेटसमोर गाडी लावली, तर तुम्ही भांडणार कोणाशी?”

काकांनी वाकून पिवळा खळगा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, “डावीकडं लाव. उजवीकडं केळीचा टेम्पो येतो.”

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. आम्हा पाट्यांना धुऊन, पुसून, कोरडं ठेवत जा. खळग्यात आदल्या माणसाचा डाग राहिला तर पुढच्याचा गट चुकतो, आणि चुकलेला गट जिवावर बेततो.

त्या दिवशी रक्तपेढीत तीन बाटल्या जमा झाल्या, कारण आलोच आहोत तर म्हणून क्लेटन आणि बॅप्टिस्टनंही हात पुढे केले. जयवंतची बाटली काकांना चढली आणि काका काठी टाकून चालायला लागले. बाकीच्या दोन कोणाला गेल्या, ते कोणी विचारलं नाही. काकांनीसुद्धा.